दाजींचे उपवास

माझे मेहुणे पुरुषोत्तम दातरंगे यांचं पोट सुटलं आहे, हे सगळ्यांत आधी सरकारच्या लक्षात आलं. आम्ही घरातली माणसं ते रोज बघत होतो, पण रोज बघितलेली गोष्ट दिसत नाही. वायुदलाच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणीत टेप लावली, आकडा मोठ्यानं वाचला आणि खात्री पटेना म्हणून कंपाउंडरकडून पुन्हा मोजून घेतला. मग म्हणाले, मार्चपर्यंत हे पोट आत गेलं पाहिजे, नाहीतर दातरंगे विमानात नाहीत.

हे सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरचं. मी तेव्हा पंजाब विद्यापीठात एम.एस्सी. करत होते आणि थोरल्या बहिणीकडे, पद्मिनीताईकडे, राहत होते. वसतिगृहात जागा मिळत होती. पण आमच्या वडिलांचं म्हणणं पडलं की ज्या भागात रोज माणसं मरतायत तिथं मुलीनं बहिणीच्या नजरेसमोर असावं. बहिणीची नजर गोळी कशी अडवणार होती, हे मी विचारलं नाही. वडिलांना असले प्रश्न आवडत नसत. आम्ही नगरचे, म्हणून मेहुण्यांना मी दाजी म्हणायचे.

दाजींचं काम मला भारी वाटायचं. चंदीगडच्या तळावरून मालवाहू विमानं लडाखला जात. पीठ, साखर, रॉकेल, लोकरीचे मोजे, सगळं नीट तोलून चढवायचं, दोरांनी बांधायचं आणि जिथं विमान उतरायला जागा नाही तिथं मागचं दार उघडून पॅराशूटनं खाली सोडायचं. दाजी हे बारा वर्षं करत होते. एरवी हा माणूस सरकारी परिपत्रकासारखा बोलायचा. पण एकदा मला म्हणाले होते, "दार उघडलं ना उल्के, की समोर नुसता बर्फ. माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही." विमानातून उतरवलं असतं तर त्यांची रवानगी भांडारात होणार होती, ब्लँकेटांच्या गठ्ठ्यांपाशी. तपासणीहून आले त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईला वाटलं, डाएट सुरू झालं.

डाएट ताईनं दुसऱ्या दिवशी सुरू केलं, आणि ताईचा स्वभाव हेडमास्तरचा आहे. साखरेचा डबा माझ्या खोलीत आला. रात्रीचा भात बंद झाला. नगरहून सुटी संपवून येणाऱ्या माणसाच्या ट्रंकेतून ज्वारीचं पीठ मागवलं गेलं. ताटात अर्धी जागा मेथी, पालक, नाहीतर कोबीची, उरलेल्या अर्ध्यात एक भाकरी आणि मोड आलेल्या मुगाची उसळ. सकाळच्या न्याहारीला दोन उकडलेली अंडी, संध्याकाळचं जेवण उजेड असतानाच. गच्चीवर सूर्यनमस्कार आणि मग पाठीवर पडून पाय वर उचलणे. हा शेवटचा व्यायाम दाजी करत तेव्हा खालच्या मजल्यावर छताची माती पडते, अशी तक्रार यायची. डॉक्टरांनी मात्र सगळ्यांत जास्त भर दिला होता तो चालण्यावर. रोज, भरभर, घाम येईपर्यंत.

चालायचं म्हटलं तर चंदीगडसारखं शहर नाही. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं. पण ड्यूटी लवकर असायची, म्हणजे चालायचं पहाटे, आणि पहाटे रस्त्यावर कोणी नसायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी बागांमधून माणसांचे जथे फिरायचे म्हणे. आता वायुदलानंच आपल्या माणसांना बजावलं होतं की अंधारात एकटं फिरू नका, रोज एकाच रस्त्यानं जाऊ नका, बाहेर गणवेश घालू नका. त्या उन्हाळ्यात अतिरेक्यांनी हमरस्त्यावर बस थांबवून हिंदू प्रवाशांना मारलं होतं. ताईनं सांगून टाकलं, "पोट राहिलं तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे. एकटं जायचं नाही." झालं. डॉक्टर म्हणतात चाला, बायको म्हणते चालू नका.

आमचं घर शेहेचाळीस सेक्टरात, पहिल्या मजल्यावर भाड्याचं. खाली घरमालक राहत, सरदार निरंजन सिंग. वीज बोर्डातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या दाढीचे आणि अत्यंत कमी बोलणारे. त्यांची बायको जसवंत कौर. त्यांना सगळी गल्ली बीजी म्हणायची. निरंजन सिंग पूर्वी रोज पहाटे फिरायचे. मग कोपऱ्यावर पोलिसांचा नाका बसला. पगडीवाला माणूस अंधारात चालत आला की शिपाई त्याला थांबवायचे, हात वर करायला लावायचे, शालीतून चाचपायचे. पासष्ट वर्षांच्या माणसाला रोज सकाळी हात वर करून उभं राहायला लागलं, तेव्हा त्यांनी फिरणं सोडलं. तक्रार केली नाही. फक्त बीजींना म्हणाले की गुडघा दुखतो.

एका पहाटे दाजी फाटकाशी बूट घालून उभे होते, बाहेर जावं की जाऊ नये या विचारात. निरंजन सिंगही अंगणात आले होते. दोघांनी एकमेकांच्या पायांतले बूट बघितले.

"चलें जी?" निरंजन सिंग म्हणाले.

"चलिए," दाजी म्हणाले.

तेव्हापासून रोज दोघं बरोबर निघायला लागले. दाजी वर येऊन आम्हाला सांगायचे, "मी बरोबर असलो की त्यांना नाक्यावर कोणी अडवत नाही. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आधार." आणि निरंजन सिंग खाली बीजींना सांगायचे की मी बरोबर असलो की त्या फौजी मुलाला कोणी हात लावणार नाही, तेवढंच त्याचं रक्षण. दोघं खरंच बोलत होते. प्रत्येकजण दुसऱ्यावर उपकार करायला रोज पहाटे उठत होता आणि वाटेत कोणी त्याबद्दल एक अक्षर काढत नव्हता. अर्थात, वाटेत ते काहीच बोलत नव्हते.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण चालून आल्यावर बीजी दारात उभ्या असायच्या.

त्यांचा गुरुबाणीचा पाठ आटोपलेला असायचा आणि तवा तापलेला. मुळ्याचा पराठा, कोबीचा पराठा, बटाट्याचा पराठा, त्यावर हाताच्या अंगठ्याएवढं पांढरं लोणी, बाजूला दही आणि पितळी पेल्यात लस्सी. थंडीतून चालून आलेल्या माणसाला याखेरीज काही देता येतं, हे बीजींना माहीतच नव्हतं. दाजींनी पहिले आठ दिवस निमूटपणे खाल्लं. एक पराठा संपायच्या आत दुसरा ताटात पडायचा. नको म्हटलं तर बीजी समजायच्या की लाजतोय, आणि तिसरा टाकायच्या. आठवड्याच्या शेवटी दाजींनी वजन केलं तर ते वाढलेलं.

"सरळ सांगा ना, डॉक्टरनं मनाई केलीय," मी म्हणाले.

"बाईमाणसाला पोटाचं काय सांगायचं?" दाजी म्हणाले. मी आणि ताई दोघी त्यांच्या पोटाबद्दल दिवसभर बोलत होतो, पण आम्ही बहुतेक बाईमाणसांत मोडत नसू.

त्यांनी मग आपल्याकडचा हमखास उपाय काढला. आपल्याकडे नको म्हणायची एक सभ्य सोय आहे. आज उपवास आहे, असं म्हटलं की समोरचा आग्रह सोडतो, फार तर चहा विचारतो, आणि कोणाचं मन दुखावत नाही. आपली निम्मी माणसं या एका वाक्यावर लग्नकार्यं निभावून नेतात. दाजींनी जन्मात महाशिवरात्रसुद्धा धड धरली नव्हती. त्यांनी बीजींना सांगितलं, आज सोमवार, माझं व्रत आहे.

बीजींचा चेहरा उजळला. भाडेकरू देवभक्त निघाला याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी पराठा लगेच बाजूला ठेवला. दाजी खूश होऊन वर आले आणि त्यांना एवढा जोर चढला की मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा आणि शनिवारी मारुतीचाही उपवास त्यांनी जाहीर केला. उरलेल्या तीन दिवशी ते पराठे खाणार होते. तेवढं चालतं, असा त्यांनी स्वतःच हिशोब केला होता.

पण समोरचा आग्रह सोडतो, हे नगरात. बीजींनी दुपारी ताईला अंगणात गाठलं आणि विचारलं, तुमच्या लोकांत व्रताला काय चालतं? ताईला या उपवासांचा पत्ताच नव्हता. तिला वाटलं, बाई सहज आपल्या रीतिरिवाजांची चौकशी करतेय. परमुलखात कोणी आपल्या खाण्याबद्दल विचारलं की माणूस किती बोलतो. ताईनं रताळी सांगितली, बटाटे सांगितले, साबुदाणा, शेंगदाणे, दूध, खजूर, साजूक तूप, सगळं सांगितलं. साबुदाणा किती वेळ भिजवायचा तेही सांगितलं.

मंगळवारी दाजी चालून आले तर ताटात तुपात परतलेली रताळी. गुरुवारी शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, बीजींनी जन्मात पहिल्यांदा केलेली, तिच्यावर तुपाचं तळं. शनिवारी मखाण्यांची खीर आणि बदाम घातलेलं दूध. उपाशी माणूस चार मैल चालून आला आहे, या काळजीनं बीजी उपवासाच्या दिवशी दुप्पट वाढायच्या. पराठ्याच्या दिवशी निदान मुळा तरी असायचा. डिसेंबरच्या शेवटी दाजींना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि ते चुकीच्या बाजूला.

ताईला सगळं कळल्यावर ती हसली नाही. मी हसले, आणि मला खोलीबाहेर काढण्यात आलं.

जानेवारीत धुकं पडलं. चंदीगडचं धुकं म्हणजे स्वतःचं फाटक दिसत नाही. विमानं उडेनात, दाजी घरी, आणि फिरणंही बंद. त्या गुरुवारी आम्ही तिघं न्याहारीला बसलो होतो. जिन्यात पावलं वाजली. बीजींचे गुडघे धरलेले होते, त्या कधी वर येत नसत. पण फिरणं नाही म्हणजे पोरगा खाली येणार नाही, आणि व्रताच्या दिवशी उपाशी राहील, म्हणून एका हातानं कठडा धरून आणि दुसऱ्या हातात खिरीचा वाडगा घेऊन त्या एकेक पायरी चढून आल्या होत्या. दार उघडंच होतं.

दाजींच्या ताटात भाकरी होती, मेथी होती आणि दोन उकडलेली अंडी होती. एक अंडं अर्धं खाल्लेलं होतं.

बीजींनी ताटाकडे बघितलं. खिरीचा वाडगा ओट्यावर ठेवला. "खाओ पुत्तर," एवढंच म्हणाल्या आणि आल्या तशा एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

ते दिवस कसे होते हे आता सांगून पटत नाही. कोण कोणाच्या घरचं खातो आणि कोण खाणं सोडतो, याच्याकडे सगळ्या गल्लीचं लक्ष असायचं. बसवरच्या त्या हल्ल्यानंतर आमच्या ओळीतल्या दोन हिंदू घरांनी बीजींकडून येणारा प्रसाद घेणं बंद केलं होतं, तेही असंच, काही ना काही सभ्य कारण सांगून. त्यामुळे बीजींना काय वाटलं असेल, हे आम्हाला तिघांनाही लगेच कळलं. मेथी तशीच राहिली.

दाजी खाली गेले. पाच मिनिटांत वर आले.

"काय म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

"मी खरं ते सांगितलं. डॉक्टर, पोट, तपासणी, सगळं. त्या म्हणाल्या, कोई गल नहीं पुत्तर, वक्त ही ऐसा है." दाजी खुर्चीत बसले. "चार-चार देवांची नावं घेऊन खोटं बोललो. आता पोटाचं कोण खरं मानणार?"

शिवाय बीजींच्या हिशोबानं पोट हा आजारच नव्हता. पोट म्हणजे घरात खायला-प्यायला आहे याची खूण. त्यासाठी कोणी ताटावरून उठतो, हे त्यांना बहाण्यासारखंच वाटणार.

धुकं गेलं तरी निरंजन सिंग फिरायला आले नाहीत. गुडघा परत दुखायला लागला होता. दाजी गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. एकदा मी दोरीवर कपडे घालायला गेले तर खाली अंगणात निरंजन सिंगही पेरूच्या झाडाभोवती फेऱ्या मारत होते. एक वर गोल फिरतोय, एक खाली गोल फिरतोय, आणि मध्ये फक्त एक मजला. मला दोघांचाही इतका राग आला की ओले कपडे तसेच टाकून मी विद्यापीठात निघून गेले.

पराठे बंद झाले ते दाजींना मानवलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. रताळी नाहीत, खीर नाही, ताईची भाकरी आणि गच्चीवरचा घाम. फेब्रुवारीत पोट दिसण्यासारखं उतरलं. कंपाउंडरनं तपासणीच्या आदल्या आठवड्यात गुपचूप वजन करून दिलं आणि सांगितलं, अगदी काठावर आहात, त्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा जपून प्या. रक्तही तपासायचं होतं, त्यामुळे उपाशी पोटीच जायचं होतं. आयुष्यातला पहिला खरा उपवास दाजींना सरकारनं लावला.

तपासणीच्या दोन दिवस आधी दूधवाल्याकडून एक बातमी कळली. निरंजन सिंगांना अंगणाचा कंटाळा आला असावा. ते पहाटे एकटेच बाहेर पडले होते. नाक्यावर नवे शिपाई होते. त्यांनी त्यांना तासभर उभं केलं. एवढ्या अंधारात कोणाला भेटायला चाललास, असं विचारत राहिले. शेवटी ओळखीचा हवालदार आला तेव्हा सोडलं. दूधवाल्यानं स्वतः बघितलं होतं. निरंजन सिंगांनी घरी काही सांगितलं नव्हतं.

दाजींनी ते ऐकलं आणि गच्चीवर फेऱ्या मारायला निघून गेले.

तपासणी गुरुवारी सकाळी होती. मी लवकरच्या बससाठी दाजींच्या पाठोपाठ जिना उतरत होते. दाजी फाटकाकडे न जाता बीजींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"बीजी, नाश्ता मिलेगा?"

बीजी कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आज कौन सा दिन है?"

"वीरवार."

"वीरवार को तो तेरा व्रत होता है."

"नहीं होता, बीजी. कभी नहीं था."

"दाजी," मी मराठीत म्हणाले, "तपासणी आहे. उपाशी जायचंय."

"तू गप बस गं," ते म्हणाले, आणि बूट काढून आत पाटावर बसले.

बीजी बराच वेळ कणीक मळत राहिल्या. मग त्यांनी तवा ठेवला. दाजींनी पहिला पराठा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांनी स्वतः लोणी मागून घेतलं. लस्सीचा पेला रिकामा करून परत पुढे केला. मी दारात उभी होते आणि मला रडू येत होतं. बारा वर्षांचं ते उघडं दार आणि तो बर्फ, सगळं हा माणूस एका घासामागून एक असा गिळत होता आणि वर चव चांगली झालीय म्हणत होता. निरंजन सिंग आतून आले आणि तिथंच थांबले.

"चलें जी?" दाजी हात धुऊन म्हणाले. "तळाच्या गेटपर्यंत."

निरंजन सिंगांनी बूट घातले. नाक्यावर तेच नवे शिपाई होते. दाजींनी त्यांच्यासमोर थांबून, खिशातून आपलं ओळखपत्र काढून दाखवलं आणि म्हणाले, हे माझ्या घरातले आहेत, रोज या वेळेला जातात. मग दोघं पुढे गेले. नेहमीसारखेच न बोलता.

डॉक्टर तमिळ होते, सडसडीत, आणि फार सज्जन. त्यांनी वजनाचा काटा बघितला, दाजींकडे बघितलं आणि विचारलं, "नाश्ता केलास?"

"येस सर."

"आजच करायचा होता?"

"आजच करायचा होता सर."

दाजींना सहा महिने जमिनीवर ठेवलं. सप्टेंबरात ते परत विमानात गेले, पण ते नंतरचं. त्या दिवशी ते घरी आले, ब्लँकेटांच्या भांडाराची चावी टेबलावर ठेवली आणि झोपून गेले. ताईला राग आवरेना. ती खाली गेली आणि तिच्या मोडक्या हिंदीत बीजींना सगळं सांगितलं. उपाशी जायचं होतं, काठावर होते, तुमच्याकडे जेवले आणि विमान गेलं. बीजींनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं फिरून आले. मीही पाठोपाठ गेले. मला बघायचंच होतं. बीजींनी दाजींपुढे ताट ठेवलं. त्यात एक फुलका होता, तूप न लावलेला. वाटीत फोडणी नसलेली मुगाची डाळ. मुळ्याच्या चार चकत्या.

"सैंतालीस में उजड़ के आए थे," बीजी म्हणाल्या. "तब भी इस हाथ से किसी को सूखी रोटी नहीं दी. तू खा. मैं नहीं देखूँगी."

आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दाजी खाली मान घालून खात होते. बीजींचे खांदे हलत होते, पण त्या वळल्या नाहीत.

"हो गया?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"एक और मिलेगी, बीजी?" दाजी म्हणाले. "सूखी."